तिकिटावर नसलेले जहाज
(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



५ एप्रिल १९६५ रोजी भारतीय टपाल खात्याने राष्ट्रीय सागरी दिनानिमित्त पंधरा पैशांचे एक तिकीट काढले. म्हणजे ते जवळजवळ या शाळेच्याच वयाचे आहे. त्यावर 'जलउषा' या आगबोटीचे चित्र आहे. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेली, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलेली ही मालवाहू बोट. स्वतंत्र भारताने तिचे कौतुक केले ते योग्यच होते. परंतु तिकीट जरा लक्षपूर्वक पाहणाऱ्याला एक गोष्ट खटकावी. बोट मार्चमध्ये पाण्यात उतरली. मग तिकीट एप्रिलच्या पाच तारखेला का?

ती तारीख 'जलउषे'ची नाही, दुसऱ्याच एका जहाजाची आहे. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' नावाची उतारूबोट मुंबईहून लंडनला निघाली. ज्या दिवसाची आठवण राष्ट्र दर वर्षी काढते, त्या दिवसाची मानकरी तिकिटावर नाही. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत तिला एका ओळीत उरकलेले असते: भारताचे पहिले जहाज. ही ओळ पाठ करणारा विद्यार्थी परीक्षेत एक गुण मिळवतो आणि एका विलक्षण कहाणीला मुकतो. शिवाय त्या ओळीतील 'पहिले' हा शब्द तपासून घ्यावा असाच आहे.

'लॉयल्टी' मुंबईहून निघाली तेव्हा ती नवी नव्हती. तिचे वय अठ्ठावीस वर्षांचे होते आणि जहाजाच्या आयुष्यात अठ्ठावीस म्हणजे वार्धक्यच. तिचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया', म्हणजे भारताची सम्राज्ञी. इंग्लंडमधील बॅरो येथील गोदीत तिचे जलावतरण ३० ऑगस्ट १८९० रोजी झाले. मालक कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे कंपनी. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत लोहमार्ग टाकून झाल्यावर या कंपनीला असे वाटले, की रेल्वे समुद्रापाशी का थांबावी? ब्रिटिश सरकारशी टपाल वाहून नेण्याचा करार झाला, वार्षिक अनुदान ठरले आणि कंपनीने तीन भगिनी-जहाजे बांधवून घेतली. भारत, जपान आणि चीन या तिन्ही देशांच्या सम्राज्ञींची नावे त्यांना मिळाली. भारताची सम्राज्ञी अर्थात व्हिक्टोरिया राणी. नाव भारताचे, गोदी इंग्लंडची, मालक कॅनडाचा आणि मार्ग पॅसिफिक महासागराचा; भारताच्या वाट्याला फक्त नाव आले.

जहाज दिसायला देखणे होते. पांढरेशुभ्र अंग, दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, लांबी सुमारे ४५५ फूट, वजन सहा हजार टनांच्या आसपास. मागे एकाऐवजी दोन पंखे बसविलेले असल्याने एक निकामी झाला तरी जहाज भर समुद्रात अडकून पडत नसे. ८ फेब्रुवारी १८९१ रोजी लिव्हरपूलहून निघून सुवेझमार्गे हाँगकाँग आणि तेथून व्हँकूव्हर असा तिचा पहिला प्रवास झाला. २८ एप्रिलला ती व्हँकूव्हरला पोहोचली. त्यानंतरची तेवीस वर्षे हाँगकाँग, शांघाय, नागासाकी, कोबे, योकोहामा आणि व्हँकूव्हर हीच तिची वाट.

ती काय वाहून नेई? टपालाच्या थैल्या, चहा आणि कच्चे रेशीम. रेशीम इतके मौल्यवान, की व्हँकूव्हरच्या धक्क्यावर उतरताच ते खास गाड्यांत भरले जाई आणि या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्याही बाजूला उभ्या केल्या जात. माणसे सुमारे पावणेआठशे मावत. त्यांपैकी पहिल्या वर्गात एकशेवीस, दुसऱ्यात पन्नास आणि उरलेले सहाशे डेकखालच्या सर्वांत स्वस्त वर्गात. आकड्यांची ही उतरंड नीट पाहावी. जहाजाच्या जाहिरातीत दिसणारे झुंबर, वाचनालय आणि पियानो हे एकशेवीस जणांसाठी होते. खालचे सहाशे बहुतांशी चीनमधून मजुरीसाठी निघालेले गरीब लोक. कॅनडात उतरण्यासाठी त्यांना डोईपट्टी भरावी लागे. १८८५ मध्ये ती पन्नास डॉलर होती, १९०३ मध्ये पाचशे डॉलर झाली. जहाजाने भाडे घेऊन आणलेल्या माणसाला किनारा असा दंड करी. आणि त्या सहाशेंच्याही खाली बॉयलरच्या भट्ट्यांत फावड्याने कोळसा लोटणारे होते. त्यांची संख्या उतारूंच्या यादीत नसते आणि जहाजाच्या चित्रातही नसते. चित्रात फक्त धुराड्यातून निघणारा धूर दिसतो.

या जहाजाचा चेन्नईशी संबंध येतो तो १८९३ मध्ये, एका शिक्षकामुळे. त्याचे नाव अळसिंगा पेरुमाळ. तिरुवल्लिक्केणीत राहणारा, पच्चैयप्पा शाळेत शिकविणारा तुटपुंज्या पगाराचा हा तरुण. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेला स्वामी विवेकानंदांनी जावे, असे मद्रासच्या ज्या तरुणांनी मनावर घेतले त्यांचा हा अग्रणी. वर्गणीसाठी तो दारोदार फिरला. आजही शाळेच्या इमारतनिधीसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या शिक्षकांना त्याची जातकुळी लगेच ओळखू येईल. खेत्रीच्या राजानेही भर घातली आणि ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी मुंबईहून 'पेनिन्सुलर' बोटीने निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करीत ते जपानला पोहोचले. योकोहामाहून १० जुलैला त्यांनी प्रवासाचे जे दीर्घ पत्र लिहिले तेही मद्रासच्या मित्रांनाच. आणि १४ जुलैला योकोहामाच्या बंदरात ते ज्या बोटीवर चढले ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया'.

२५ जुलैला ते व्हँकूव्हरला उतरले. बालमित्रांनी हिशेब करताना एवढे ध्यानात ठेवावे, की पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे जाताना वार-रेषा ओलांडली की एकच तारीख दोनदा येते; तेव्हा प्रवास पंचांगापेक्षा एका दिवसाने मोठा. उत्तर पॅसिफिकची जुलैतली हवाही आपल्याकडच्या पौषासारखी आणि मद्रासच्या भाबड्या भक्तांना उबदार कपडे बरोबर द्यायचे सुचले नव्हते. चेन्नईत राहणाऱ्यांनी त्यांना फार दोष देऊ नये. स्वेटर ही वस्तू या शहरात आजही सहलीला जातानाच आठवते.

त्याच बोटीवर जमशेटजी टाटा होते. या सहप्रवासाची आठवण खुद्द जमशेटजींनी २३ नोव्हेंबर १८९८ रोजी स्वामीजींना लिहिलेल्या पत्रात केली आहे. भारतात विज्ञान-संशोधनाची संस्था उभारण्याचा विचार त्या पत्रात आहे आणि १९०९ मध्ये बेंगळुरूला स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या इतिहासात ते पत्र आवर्जून सांगितले जाते. इथवर पुष्कळांना ठाऊक असते. कमी सांगितले जाते ते असे, की जमशेटजी त्या वर्षी जपानमध्ये गेले होते ते जहाजांच्या कामासाठी. मुंबईच्या गिरण्यांचे सूत आणि कापूस पूर्वेकडे नेणाऱ्या इंग्रजी 'पी अँड ओ' कंपनीचे भाडे भारी होते. ते मोडण्यासाठी त्यांनी 'निप्पॉन युसेन' या जपानी कंपनीशी बोलणी केली आणि स्वतःची 'टाटा लाइन' काढली. इंग्रजी कंपनीने उत्तर दिले ते तोफेने नव्हे, दरपत्रकाने. टनामागे दीड रुपयापर्यंत भाडे उतरविले. भाड्याच्या जहाजांवर उभी असलेली 'टाटा लाइन' थोड्याच काळात गुंडाळावी लागली. हे हत्यार श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. या कहाणीत ते पुन्हा येते.

ते पुन्हा आले तुतिकोरिनला. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै या वकिलाने १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. चिदंबरम पिळ्ळै यांनी भाग विकले, मुंबईला जाऊन जहाजे मिळविली. 'गॅलिया' आणि 'लावो' या बोटी आल्या तेव्हा तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर उत्सव झाला. मग दरयुद्ध सुरू झाले. इंग्रजी कंपनीने तिकीट उतरवीत आणले आणि शेवटी उतारूंना फुकट नेऊन वर एक छत्री भेट देण्यापर्यंत मजल गेली, असे तमिळनाडूत सांगतात. १९०८ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांना राजद्रोहाखाली जबर शिक्षा झाली, कंपनी बुडाली, जहाजे विकली गेली. डिसेंबर १९१२ मध्ये सुटल्यावर हा माणूस याच मद्रासमध्ये हालअपेष्टांत दिवस काढीत होता. लोकमान्य टिळक त्याला दरमहा पन्नास रुपये पाठवीत असत. त्यांच्यावरही पुढे टपाल तिकीट निघाले, १९७२ मध्ये, जन्मशताब्दीला. 'भारताचे पहिले जहाज' ही ओळ तमिळ विद्यार्थ्याच्या घशाखाली का उतरत नाही, हे यावरून कळावे. त्याचा आक्षेप रास्त आहे.

इकडे 'एम्प्रेस ऑफ इंडिया' पॅसिफिकच्या फेऱ्या करीतच होती. १९०३ च्या ऑगस्टमध्ये चीनच्या एका लढाऊ जहाजाशी तिची टक्कर झाली आणि लढाऊ जहाजच बुडाले; सम्राज्ञी वाचली. कंपनीने पुढे अधिक मोठ्या, अधिक वेगवान बोटी आणल्या आणि जुनी बोट विक्रीला निघण्याच्या बेतात आली.

तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. मद्रासला त्याची झळ लगेच लागली. २२ सप्टेंबरच्या रात्री 'एम्डन' या जर्मन युद्धनौकेने शहरावर गोळे टाकले आणि बर्मा ऑइल कंपनीच्या तेलाच्या टाक्या पेटविल्या. धूर्त, पक्क्या माणसाला तमिळमध्ये 'एम्डन' म्हणतात ते तेव्हापासून. मद्रास प्रांताने वर्गणी काढून 'मद्रास' नावाचे रुग्णजहाज सिद्ध केले. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी अन्य संस्थानिकांसह असेच एक जहाज देऊ केले आणि त्यासाठी खरेदी झाली ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया'ची. १९१५ च्या आरंभी तिचे नाव बदलून 'लॉयल्टी' ठेवण्यात आले. लॉयल्टी म्हणजे निष्ठा, आणि ती कोणावर हे तेव्हा सांगावे लागत नव्हते.

या नावावरून शिंद्यांना नावे ठेवणे आज सोपे आहे. पण ते उथळपणाचे होईल. संस्थानिकाला निष्ठा दाखविल्यावाचून गत्यंतर नव्हते, हे एक. दुसरे असे की जहाजावर जे आले ते निष्ठेचे पुतळे नव्हते, जखमी शिपाई होते. ज्या डेकखाली चिनी मजूर दाटीवाटीने निजत तेथे आता रुग्णांच्या खाटा आल्या. अंगचा पांढरा रंग रुग्णजहाजाला लागतोच. त्यावर रेड क्रॉसचे चिन्ह चढले. मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढत होत्या. सातारा, रत्नागिरीच्या कित्येक घरांत त्या युद्धाची पदके आजही देव्हाऱ्याशेजारी सापडतात. अशा शिपायांना मायदेशी आणणे हे रुग्णजहाजांचे काम होते. 'लॉयल्टी'ने आपल्या आयुष्यात केलेल्या तीन नोकऱ्यांपैकी ही बहुधा सर्वांत उपयोगाची.

युद्ध संपले, शिंदे सरकारला जहाजाची गरज उरली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद तेव्हा रेल्वेची कंत्राटे घेणारे उद्योजक होते. जहाजांचा त्यांना अनुभव नव्हता. दिल्लीहून मुंबईला येताना आगगाडीच्या डब्यात त्यांच्या कानावर आले, की ग्वाल्हेरचे जहाज विकाऊ आहे. एवढ्यावरून गोष्ट सुरू झाली, असे सांगितले जाते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास यांना त्यांनी बरोबर घेतले. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली आणि नवव्या दिवशी, ५ एप्रिलला, बोट लंडनच्या वाटेला लागली. जहाज शिंद्यांचे होते म्हणून कंपनीचे नाव 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी' ठेवले. सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या पाटलांचे आडनाव इंग्रजी वर्णांच्या वळणाने 'सिंधिया' होऊन जगातल्या बंदरांत पोहोचले ते असे.

लंडनच्या या सफरीचे वर्णन बहुधा विजययात्रेसारखे केले जाते. ती विजययात्रा नव्हती. अठ्ठावीस वर्षांची बोट कोळसा फार खाई, दुरुस्ती फार मागे. पण त्याहून मोठी अडचण निराळी होती. इंग्रजी कंपन्यांनी आपसांत गट बांधून दर ठरविलेले असत. व्यापाऱ्याने वर्षभर याच गटाच्या बोटींतून माल पाठविला, तर भाड्याचा काही भाग सूट म्हणून परत मिळे; मात्र ती रक्कम महिनोन्‌महिने कंपनीकडेच अडकून राही. मधल्या काळात व्यापाऱ्याने एकच खेप जरी परक्या बोटीतून पाठविली, तरी साठलेली सगळी सूट बुडे. म्हणजे व्यापाऱ्याच्याच पैशाने त्याची निष्ठा विकत घेतलेली होती. अशा बाजारात 'निष्ठा' नाव धारण करणारी भारतीय बोट माल मागायला उभी राहिली, तेव्हा निष्ठा आधीच दुसरीकडे गहाण पडलेली होती.

मग जे व्हायचे तेच झाले. 'लॉयल्टी' तोट्यात गेली आणि १९२३ मध्ये मुंबईतच मोडीत काढली गेली. भारतीय मालकीच्या कंपनीकडे ती जेमतेम चार वर्षे होती. एकूण बत्तीस वर्षांच्या नोकरीतील ही चार वर्षे, आणि त्यांतलाही एकच दिवस दिनदर्शिकेत राहिला.

कंपनी मात्र बुडाली नाही आणि 'टाटा लाइन' किंवा स्वदेशी कंपनी यांच्यापासून ती वेगळी ठरते ती येथे. वालचंद आणि नरोत्तम यांनी उतारूंच्या बोटीचा नाद सोडला, मालवाहू जहाजे घेतली, किनारी व्यापारात उतरले. तेथेही दरयुद्ध झाले. अखेर १९२३ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंधियाने किनाऱ्यापुरते राहावे, जहाजांचे एकूण टनेज ठरल्याबाहेर वाढवू नये, अशा त्याच्या अटी होत्या. हा करार वालचंदांना गुलामगिरीच्या सनदेसारखा वाटत असे. त्यांचे भागीदार व्यवहारी होते. दहा वर्षे तग धरली तर अकरावे वर्ष आपले, असा त्यांचा हिशेब. इतिहासाने भागीदारांच्या बाजूने कौल दिला, पण वालचंदांची चडफड खोटी म्हणता येणार नाही.

याच सुमारास मद्रासच्या एका गृहस्थाने दिल्लीच्या कायदेमंडळात या विषयाला हात घातला. मैलापूरचे सर पी. एस. शिवस्वामी अय्यर, ज्यांच्या पत्नीच्या नावाची कन्याशाळा मैलापुरात आजही भरते, तेच हे शिक्षणप्रेमी. भारताचे स्वतःचे व्यापारी आरमार व्हावे यासाठी त्यांनी १९२२ च्या जानेवारीत ठराव मांडला. त्यातून समिती नेमली गेली आणि १९२७ मध्ये मुंबईला 'डफरिन' हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले. तोवर भारतीय तरुण बोटीवर सारंग होई, तांडेल होई, भट्टीवर कोळसा लोटी. पण बोटीच्या पुलावर अधिकारी म्हणून उभे राहण्याचे शिक्षण त्याला देशात मिळत नव्हते. 'लॉयल्टी' मुंबईहून निघाली तेव्हाची ही स्थिती. मालक भारतीय असणे आणि जहाज भारतीयांनी चालविणे यांत आठ वर्षांचे आणि एका ठरावाचे अंतर होते. आणि जहाज भारतात बांधणे तर त्याहून लांब.

ते बांधण्यासाठी वालचंदांनी बंगालच्या उपसागरावरचे विशाखापट्टणम निवडले. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते गोदीची कोनशिला बसली. पुढल्याच एप्रिलमध्ये जपानी विमानांनी गावावर बाँब टाकले, काम विस्कटले, पण थांबले नाही. सात वर्षांनी तेथून 'जलउषा' पाण्यात उतरली आणि आणखी सतरा वर्षांनी टपाल खात्याच्या चित्रकाराने सागरी दिनाच्या तिकिटासाठी तिची निवड केली. 'लॉयल्टी' ही इंग्लंडात बांधलेली, राणीच्या नावाने जन्मलेली, साम्राज्याच्या निष्ठेचे बिरूद मिरविणारी बोट होती. तिचे चित्र त्या तिकिटावर शोभले नसते, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांना वाटले असेल तर नवल नाही.

तिकिटाच्या मागे एक आणखी तपशील आहे, तो चेन्नईकरांसाठी. 'जलउषा' पाण्यात उतरली तेव्हा आंध्र राज्य अस्तित्वात यायला पाच वर्षे अवकाश होता आणि विशाखापट्टणम मद्रास प्रांतात होते.